आमच्या कोटाची विलायतवारी

साताऱ्यात आमच्या गल्लीत दोन मास्तर आहेत. एक अस्मादिक. महाविद्यालयात मराठी शिकवतो, म्हणून विद्यार्थी 'सर' म्हणतात, पण गल्लीतली जुनी मंडळी अजून मास्तरच म्हणतात. दुसरे मास्तर म्हणजे गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले आमचे शिंपी. खरे सांगायचे तर ही पदवी माझ्यापेक्षा त्यांनाच अधिक शोभते. वीस वर्षांत माझ्या हातून किती विद्यार्थी नीट बेतले गेले याचा हिशेब मला देता येणार नाही. मास्तरांच्या हातून बिघडलेली बाही मात्र मी अद्याप पाहिलेली नाही.

गेल्या वर्षी लंडनला थोरल्या बहिणीच्या मुलीचे लग्न निघाले. मुलीच्या पाठीशी उभे राहायला मामा हवा, तेव्हा जाणे भाग होते. आमच्या घरात पोशाखाचे खाते सौभाग्यवतींकडे आहे. त्यांनी तयार कपड्यांच्या दुकानाची वाट दाखवली. पण मी हट्ट धरला की साहेबाच्या देशात जायचे तर साहेबाला साजेसा सूट हवा, आणि तोही मापाने शिवलेला. एका मासिकातले इंग्रजी सुटाचे चित्र कापून घेऊन मी मास्तरांच्या दुकानी गेलो.

दुकान म्हणजे आठ फुटांची खोली. पायाचे मशीन, भिंतीवर नामदेवमहाराजांची तसबीर, आणि कोनाड्यात मापांच्या जुन्या वह्यांची चळत. मास्तरांनी आता सत्तरी गाठली आहे. हल्ली त्यांच्याकडे कोटाचे कापड क्वचितच येते. येतात त्या विकतच्या विजारी, उंची कमी करायला नाहीतर चेन बसवायला. मला वाटले, सुटाचे काम पाहून मास्तर खूश होतील. त्यांनी चित्र हातभर लांब धरून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि माझ्या हाती परत दिले.

"शिवीन की, सर. पण अण्णांचा कोट कुठं आहे?"

मी चाचरलो. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांचा बंद गळ्याचा काळा कोट ट्रंकेत तळाशी होता, हे मला पक्के ठाऊक होते. तो तिथे का गेला हेही ठाऊक होते, आणि ते मास्तरांना सांगण्यासारखे नव्हते. "आहे कुठेतरी," असे म्हणून मी वेळ मारून नेली.

"घेऊन या," मास्तर म्हणाले. "मग बघू."

शिंप्याच्या मुलाची रोजनिशी

कोट शोधण्याचे मी चार दिवस टाळले. मास्तर माणसाला टाळाटाळ करायची झाली की तो पुस्तक उघडतो. मीही सुटाच्या इतिहासात शिरलो, आणि पहिल्याच पावलाला ठेचकाळलो. ज्याला मी अस्सल साहेबी थाट समजत होतो, त्या तीन तुकड्यांच्या सुटाचे मूळ निघाले इराणात!

गोष्ट १६६६ सालची. इंग्लंडच्या गादीवर दुसरा चार्ल्स होता. आदल्या वर्षी लंडनमध्ये प्लेग झाला होता, आणि त्या सप्टेंबरात शहराचा मोठा भाग जळाला होता. त्यातच फ्रान्सशी युद्ध चालू, आणि दरबारी लोकांच्या अंगावर मात्र फ्रेंच तऱ्हेचे झालरीदार कपडे. त्या काळी सॅम्युअल पेप्स नावाचा एक सरकारी अधिकारी रोजनिशी लिहीत असे. हा पेप्स एका शिंप्याचा मुलगा, त्यामुळे कपड्यांच्या बाबतीत त्याची नजर तिखट. त्याने ८ ऑक्टोबरला नोंदून ठेवले आहे की राजाने मंत्रिमंडळात जाहीर केले, यापुढे आपण एक नवा पोशाख चालू करणार आणि तो कधी बदलणार नाही. आठवडाभरात राजाच्या अंगावर तो आलाही. एक लांब, अंगासरशी बेताची बंडी आणि तिच्यावर मोकळा कोट. जॉन एव्हलिन नावाच्या दुसऱ्या रोजनिशीकाराने स्पष्ट लिहिले आहे की ही तऱ्हा पौर्वात्य, इराणी धर्तीची होती. याच एव्हलिनने १६६१ साली फ्रेंच तऱ्हेच्या नकलेविरुद्ध एक चोपडे लिहून राजाला दिले होते.

इराणची ही तऱ्हा इंग्रजांना ठाऊक झाली होती ती प्रवाशांमुळे. रॉबर्ट शर्ली नावाचा इंग्रज तरुणपणी इराणला गेला, तिथे रमला, आणि शहा अब्बासचा वकील बनून युरोपात परतला तो भरजरी झगा आणि फेटा घालूनच. १६२२ साली रोममध्ये व्हॅन डाइक या थोर चित्रकाराने त्याच वेषात त्याचे चित्र काढले. पुढे राजाच्या त्या लांब बंडीची उंची कमी होत गेली, बाह्या गळाल्या, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी तिचे झाले आपले जाकीट. कोट, जाकीट आणि विजार ही त्रयी जमली ती अशी. 'मी हा पोशाख कधी बदलणार नाही' असे म्हणणारा राजा तो लवकरच बदलून मोकळा झाला, पण बंडी टिकली.

मौज अशी की याच चार्ल्सला पोर्तुगीज राजकन्येशी लग्न करताना मुंबई बेट आंदणात मिळाले होते, आणि १६६८ साली त्याने ते वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. आणखी एक गोष्ट मराठी माणसाला कशी विसरता येईल? त्याच १६६६ साली, मे महिन्यात, शिवाजीमहाराज आग्र्याला औरंगजेबाच्या दरबारात उभे होते. मानाची जागा मिळाली नाही म्हणून ते संतापले आणि बादशाही खिलतीचा पोशाख त्यांनी नाकारला. एकाच वर्षी एक राजा परक्यांचा पोशाख आपखुशीने अंगावर चढवतो आणि दुसरा अंगावर येऊ पाहणारा पोशाख झिडकारतो. कापड कुठले हा प्रश्नच नव्हता. ते कोण घालतो आणि कोणाच्या मर्जीने घालतो, हा प्रश्न होता.

काज पोर्तुगीज, अस्तर फारसी

मराठीचा मास्तर असल्यामुळे मी मग मास्तरांच्या दुकानातले शब्दच धुंडाळू लागलो. पोशाख फारसी. अस्तर फारसी. खिसा अरबी-फारसीतून आलेला. पाटलोण विलायती. ज्या भोकातून गुंडी सरते ते काज पोर्तुगीज, आणि शेवटी कपड्यावर फिरते ती इस्त्रीही पोर्तुगीजच! दोन बाह्यांचा एक कोट शिवायला आपल्या भाषेने निम्मे जग गोळा केलेले आहे.

आणि साहेबाने आपल्याकडून काय नेले? पायजमा नेला आणि झोपताना घातला. कमरबंद नेला तो मेजवानीच्या पोशाखात बांधला. मुंबईच्या डोंगरीचे जाडेभरडे कापड नेले, त्याची 'डंगरी' होऊन ती जगभरच्या कामगारांच्या अंगावर गेली. पेशावरला १८४६ साली उभारलेल्या गाइड्स पलटणीने धुळीचा रंग कपड्याला दिला. खाक म्हणजे धूळ, म्हणून ती खाकी. पुढे तोच रंग साऱ्या इंग्रज फौजेचा झाला. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव झाला, तेव्हा जोधपूरचे सर प्रतापसिंह लंडनला गेले. मांडीवर ऐसपैस आणि पोटरीला घट्ट अशी त्यांची घोडेस्वारीची विजार इंग्रजांच्या अशी डोळ्यांत भरली की आजही त्या विजारीला इंग्रजीत 'जोधपूर'च म्हणतात.

नकल करता करता नवे काही कसे जन्माला येते, याची दोन उदाहरणे मला फार आवडली. पहिले इटलीतल्या नेपल्सचे. तिथे १९३० च्या दशकात जेन्नारो रुबिनाची या इंग्रजी शिवणीच्या भक्ताने दुकान काढले, आणि भर नेपल्समध्ये त्याचे नाव ठेवले 'लंडन हाउस'! पण इंग्रजी कोट म्हणजे आत कॅनव्हास, खांद्यात भर, वर दणकट लोकरीचे कापड. तो नेपल्सच्या उन्हात घालायचा कसा? रुबिनाचीकडे विन्चेन्झो अत्तोलिनी नावाचा कटर होता. त्याने इंग्रजी कोटाची भर काढली, अस्तर कमी केले आणि बाही खांद्याला अशी जोडली की कोट सदऱ्यासारखा हलका बसावा. नकल करायला निघालेल्या माणसांनी नवाच कोट जन्माला घातला. आज जगभरचे शौकीन तो नेपल्सचा म्हणून ओळखतात.

दुसरे उदाहरण जपानचे. १८७१ साली जपान सरकारने पाश्चात्त्य देश पाहायला एक मोठे शिष्टमंडळ पाठवले. प्रमुख इवाकुरा तोमोमी यांनी अमेरिकेत पाऊल ठेवले ते किमोनो आणि शेंडीसह, पण शिकागोला पोचेपर्यंत त्यांची शेंडी उतरली होती. १८७२ च्या अखेरीस तिकडे सरकारी समारंभांसाठी पाश्चात्त्य पोशाखाचे फर्मानही निघाले. जपानी भाषेत सुटाला 'सेबिरो' म्हणतात. हा शब्द लंडनच्या 'सॅव्हिल रो' या शिंप्यांच्या रस्त्यावरून आला असे काही पंडित मानतात, काही मानत नाहीत. पंडितांचे सगळीकडे असेच!

पुढे केन्सुके इशिझु या गृहस्थांनी १९५१ साली ओसाकात 'व्हॅन' ही कंपनी काढली, १९५९ साली अमेरिकेतली विद्यापीठे पाहिली, आणि तिथल्या विद्यार्थ्यांची साधी, मोकळी तऱ्हा जपानी पोरांच्या गळी उतरवली. १९६४ च्या ऑलिंपिकआधी असे कपडे घालून तोक्योच्या गिन्झा भागात घोळक्याने उभ्या राहणाऱ्या पोरांना पोलिसांनी पकडून नेले. १९६५ साली अमेरिकन विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांचे एक पुस्तक जपानात निघाले. त्याचे नाव 'टेक आयव्ही'. तोवर अमेरिका आपली तऱ्हा विसरत चालली होती. २०१० साली ते पुस्तक इंग्रजीत आले, तेव्हा अमेरिकन माणसे आपले आजोबा काय घालत होते ते जपान्यांकडून शिकली!

आमचे चिरंजीव सोळा वर्षांचे आहेत. त्यांच्या बनियनवर एका अमेरिकन विद्यापीठाचे नाव छापलेले असते. ते विद्यापीठ कुठे आहे हे त्यांना ठाऊक नाही. मी त्यांना हा सारा इतिहास सांगितला. ते म्हणाले, "बाबा, दोनशे रुपयांना मिळाला."

पोशाख आणि लाज

इतके वाचून झाल्यावर ट्रंक उघडण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

अण्णा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. तो कोट १९७५ साली त्यांच्या लग्नात शिवलेला. मग झेंडावंदन, गॅदरिंग, कोणाचे लग्न, साऱ्याला तोच एक कोट. १९९६ साली मी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला होतो. निबंधाचे बक्षीस होते म्हणून अण्णा कोट घालून, टोपी नीट करून स्नेहसंमेलनाला आले. माझ्या मागच्या बाकावरून कोणी तरी हळूच म्हणाले, "बँडवाला आला रे." सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मी अण्णांना सांगितले, पुन्हा तो कोट घालून कॉलेजात येऊ नका. ते फक्त "बरं" म्हणाले. त्यानंतर तो कोट त्यांच्या अंगावर मी कधी पाहिला नाही, माझ्या लग्नातही नाही. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

वाचकहो, पोशाखाची लाज ही साधी गोष्ट नाही. आमच्याच साताऱ्यात, १९०१ साली, भीमराव आंबेडकर नावाचा एक लहान मुलगा भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. मुलांसाठी इंग्रजी धर्तीचे नवे सदरे, चकचकीत टोप्या, नवे जोडे आणि रेशीमकाठी धोतरे केलेली. मसूरच्या स्टेशनमास्तराला ती ब्राह्मणाचीच मुले वाटली, आणि जात कळताच तो आपल्या खोलीत निघून गेला. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवले आहे. नव्या कपड्यांनी त्या दिवशी त्यांना वाचवले नाही. पण १९३१ च्या गोलमेज परिषदेला तेच बाबासाहेब सुटाबुटात लंडनला बसले होते, आणि त्याच परिषदेला गांधीजी पंचा नेसून आले होते. बॅरिस्टरीचा सूट उतरवून गांधीजींनी पंचा घेतला तो गरिबांशी नाते जोडायला. ज्यांना धड कपडा घालण्याचीही चोरी होती त्यांच्या वतीने बाबासाहेबांनी सूट घातला. दोघांनीही पोशाख स्वतः ठरवला होता. एकालाही कोणी तरी मागच्या बाकावरून हसले म्हणून तो बदलावासा वाटला नाही.

मी मात्र हसलो होतो, आणि बदलायला लावले होते दुसऱ्याला.

माया

कोट घेऊन मी दुकानी गेलो. मास्तरांनी तो पाटावर पसरला, वहीतून एक पान काढले. पानाला काळ्या कापडाची चिंधी टाचलेली, आणि अण्णांच्या नावाखाली आकडे: छाती ३४, खांदा १६. "वडिलांनी बेतला, काजं माझी," मास्तर म्हणाले. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. त्यांनी अस्तराची एक शिवण उसवली, आत बोट घातले आणि हसले.

"बघा सर, दोन्हीकडं दीड-दीड इंच माया आहे."

शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. माणूस पुढे अंगाने भरला तर कपडा सैल करता यावा म्हणून ती ठेवायची. वीस वर्षे वर्गात संतांची माया शिकवून या मायेचा मला विसर पडला होता. अण्णा जन्मभर सडपातळच राहिले. ती माया कधी कोणाला लागलीच नाही.

"मग मला होईल?" मी विचारले.

मास्तरांनी टेप माझ्या पाठीवरून टाकला. "पोट मावेल. खांदा नाही मावणार. खांद्याला माया ठेवता येत नाही, सर. खांदा ज्याचा त्याचा."

शेवटी असे ठरले की जुन्या कोटावरून नवा बेतायचा. काळे लोकरीचे कापड आणले. आतला कॅनव्हास मास्तरांनी चिकटवला नाही, हाताने टाके घालून बसवला. हल्ली इतका वेळ कोणी देत नाही म्हणतात. लंडनच्या सॅव्हिल रोवर असा एक सूट हाताने शिवायला ५० तास सहज लागतात, आणि गिऱ्हाईक हजारो पौंड मोजते. आमच्या मास्तरांना तीन आठवडे लागले. दुपारच्या उजेडातच त्यांना सुईत दोरा ओवता येतो, म्हणून काम फक्त बारा ते चार. कच्चा धावदोरा घालून दोनदा ट्रायल घेतली. दुसऱ्या वेळी मुंढा पाव इंच चुकला म्हणून त्यांनी आख्खी बाही उसवली. मला तो पाव इंच दिसतही नव्हता. गुंड्या मात्र अण्णांच्या कोटाच्याच लावल्या.

लंडनला लग्न झाले. मी भाचीच्या पाठीशी उभा राहिलो. मेजवानीत एक इंग्रज गृहस्थ मोठ्या अगत्याने म्हणाले, "हा नेहरू जॅकेट ना?" त्यांना सांगावे लागले की नेहरू गुडघ्यापर्यंतची अचकन घालत, आणि आखूड कोटाला त्यांचे नाव चिकटवले ते १९६० च्या दशकात तुमच्याकडच्या फॅशनवाल्यांनी. "मग हा कोणाचा?" त्यांनी विचारले. "माझ्या वडिलांचा," मी म्हणालो. ते मान डोलावून दुसरीकडे वळले. त्यांच्या दृष्टीने तो विषय संपला होता.

परतण्याच्या आदल्या दिवशी मी एकटाच सॅव्हिल रोवर गेलो. तिथली गंमत अशी की बऱ्याच दुकानांचे कारागीर तळघरात बसतात आणि रस्त्यावरच्या कठड्यातून खाली पाहिले की खिडकीतून दिसतात. एका खिडकीत एक म्हातारा शिंपी मांडीवर कोट घेऊन टाके घालत होता. मी वाकून पाहत राहिलो. अंधार आला म्हणून त्याने मान वर केली. माझ्या तोंडाकडे त्याने पाहिलेच नाही. नजर आधी खांद्यावर गेली, तिथे थोडी थांबली, मग बाहीवरून खाली उतरली. मग पुन्हा तो आपल्या टाक्याकडे वळला.

साताऱ्याला आल्यावर मास्तरांना लंडनचा खडू दिला आणि ही हकीकत सांगितली. त्यांनी सारे ऐकून घेतले. लग्न, मेजवानी, राजवाडा यांत त्यांना गोडी नव्हती.

"खांद्याकडं पाहिलं ना त्यानं?"

"पाहिलं."

"काही बोलला नाही?"

"नाही."

"मग बसलाय खांदा," मास्तर म्हणाले आणि पुढ्यातली विजार उसवू लागले.

यंदा पाडव्याला मी तो कोट घालणार आहे. मास्तरांनी त्याच्याही शिवणीत दीड इंच माया ठेवली आहे. मला न विचारता ठेवली. अण्णांचा कोट ट्रंकेतून निघाला आहे आणि माझ्या कोटाशेजारी खुंटीवर आहे. त्याला गुंड्या नाहीत. त्या आणायला मी आणि चिरंजीव उद्या मास्तरांकडे जाणार आहोत.